तरवडाचे कान

खुळ्ळ... खुळ्ळ...

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची दुपार होती. पुरणपोळीची जेवणं आटोपून अख्खं घर आडवं झालं होतं. ऊन असं, की कुत्रंसुद्धा गोठ्याच्या सावलीतून हलत नव्हतं. त्या शांततेत एक बाई पत्र्याची डबी कानाशी धरून हलवून बघत होती. डबी मिसरीची होती, पण आत मिसरी नव्हती. आत आम्ही होतो.

मित्रांनो, मी एक जुना तरवड आहे. जुना म्हणजे सात पावसाळे पाहिलेला. वडाला हसू येईल, पण झुडपाच्या मानानं हे वय काही कमी नाही. आज मी धुळ्याला, देवपुरातल्या एका घराच्या फाटकाशी उभा आहे. येणारेजाणारे मला पाहून थांबतात, कारण सध्या मी नखशिखांत पिवळा झालो आहे. पण ही गोष्ट फुलांची नाही. ही माझ्या मत्सराची गोष्ट आहे. सांगायला थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

डबी हलवणाऱ्या बाईचं नाव द्रौपदाबाई. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं शेत होतं आणि त्या शेताच्या बांधावर माझे आईबाप उभे होते. तिची लेक संघमित्रा लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी तिला धुळ्याला परत जायचं होतं. द्रौपदाबाईनं डबी तिच्या मांडीवर ठेवली.

"हाई ले. फाटकजोडे लावजो."

"काय आहे माय यात?"

"तरवडनं बी शे."

संघमित्रा हसली. "तरवड काय लावायचा, माय? रस्त्यानं किती तरी उभा असतो."

"तुना धुळामा कोठे शे रस्तावर? तठे बठ्ठं शिमिट शे." मग द्रौपदाबाई जरा जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "तरवडले कान ऱ्हातस, संघू. बठ्ठं आयकस, पन कोनले सांगत नही. सासरमा असा एक जन पाहिजे."

मायलेकी तोंडावर पदर धरून हसल्या, घर जागं होऊ नये म्हणून.

"आनि लाड नको करजो त्याना," द्रौपदाबाई पुढे म्हणाली. "जास्त पानी दिधं ते फुलाव नही. डोंगरना माल शे तो."

मग तिनं आम्हाला तळहातावर ओतलं. मित्रांनो, तो हात मी अजून विसरलो नाही. निंदणी-खुरपणी करून करून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यातल्या एका भेगेत मी अडकलो होतो. उजव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. कधीतरी विळा लागून ते तसं उगवलं असावं. त्या नखानं ती एकेक बी दाबून बघे आणि पोकळ निघालं की अंगणात भिरकावून देई. मला तिनं दोनदा दाबलं. मी टणक निघालो. तेव्हा तिनं मला अंगठ्यानं हळूच गोंजारलं आणि डबीत टाकलं. त्या हाताला मिसरीचा, लसणाचा आणि तापलेल्या मातीचा वास होता. एवढंच. पण पुढे हेच माझं सगळ्यात मोठं धन ठरलं.

आमचं कवच फार कडक असतं. संघमित्रानं आम्हाला कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून एकेकाला निजवलं. सातजण उगवलो. आषाढात तिनं आम्हाला फाटकाजवळच्या कोपऱ्यात रांगेनं लावलं. मी सातवा, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला.

आणि तिथेच घात झाला.

तुमच्यापैकी कुणी पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खाल्ली असेल, तर तुम्हाला तो ठाऊक असेल. टाकळा आमच्याच गोतातला. लहानपणी आम्ही दोघं सारखेच दिसतो. तीच गोलसर पानं जोडीजोडीनं आलेली, तीच संध्याकाळी मिटायची सवय. मोठेपणी मात्र ओळखणं सोपं जातं. टाकळ्याच्या एका डहाळीवर पानांच्या तीन जोड्या असतात, माझ्या आठ, दहा, कधी बारासुद्धा. टाकळा गुडघ्याएवढा होतो आणि पावसाबरोबर संपतो, मी माणसाएवढा होतो आणि उन्हाळ्यालाही पुरून उरतो. पण त्या आषाढात आम्ही बोटाएवढे होतो. संघमित्रा शाळेत शिकवायला गेली होती. तिच्या सासूबाई, सुनंदाबाई, अंगणात आल्या. कोवळी पानं पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी पदराची झोळी केली आणि आजूबाजूला उगवलेल्या टाकळ्याबरोबर माझ्या भावंडांनाही खुडायला बसल्या.

त्या संध्याकाळी माझी सहा भावंडं लसणाच्या फोडणीत गेली.

"आई, आज भाजी कडू का लागते?" संघमित्राचा नवरा राजदीप विचारत होता. आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला.

"जून व्हता व्हई टाकळा," सुनंदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संघमित्रानं सहा बोडके देठ पाहिले आणि ती मटकन पायरीवर बसली. तिचे डोळे भरलेले पाहून सुनंदाबाईंना आपली चूक बोचली. पण सुनेसमोर कबूल कसं करायचं? "गोगलगायीसनी खादं व्हई," असं पुटपुटून त्या आत गेल्या. टाकीच्या मागचा मी तेवढा वाचलो.

भाद्रपदात साक्रीहून फोन आला. द्रौपदाबाईला ताप भरला होता. संघमित्रा पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

परत आल्यावर ती घरात जायच्या आधी माझ्याकडे आली. पिशवी खांद्यालाच होती. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून मी नुसता तरवड राहिलो नाही. मी तिच्या मायनं दिलेली शेवटची वस्तू झालो.

मित्रांनो, त्यानंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची होती. शाळेतून आली की संघमित्रा पर्स पायरीवर टाकायची, बादली भरायची आणि सगळीच्या सगळी माझ्या बुडाशी ओतायची. मायनं पाणी जास्त घालू नको म्हटलं होतं, हे ती दुःखात विसरून गेली होती. मला काय, मी पीत गेलो. तजेलदार झालो, पसरलो, पानंच पानं झालो. ती मला सगळं सांगायची. शाळेत कोण काय बोललं, आज आमटीत मीठ कसं जास्त पडलं, माय आठवली की घास कसा उतरत नाही. मी ऐकायचो. कुणाला सांगायचो नाही. ती माझी होती. अगदी माझी एकट्याची.

फुलं मात्र आली नाहीत.

"दोन वरीस व्हई ग्यात," सुनंदाबाई पायरीवर तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या. "ना फूल, ना शेंग. उगाच जागा अडाई बशेल शे."

हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत, पण संघमित्रा मान खाली घालायची. ते बोलणं एकट्या माझ्यासाठी नव्हतं. मला कान आहेत, मला कळायचं.

आणि मग एका वैशाखात ती आली.

दुपट्यात गुंडाळलेली, लालबुंद, मुठी आवळलेली. तिचं नाव विशाखा ठेवलं, घरात सगळे विशू म्हणू लागले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला ती मुळीच आवडली नाही.

संघमित्रा अंगणात येईनाशी झाली. आली तरी खांद्यावर ती. पायरीवर बसली तरी मांडीवर ती. बोलायची तेही तिच्याशीच. ज्या गोष्टी मला सांगायच्या, त्या आता त्या मुठी आवळलेल्या गोळ्याला सांगितल्या जात. तिला काय कळत होतं? ती जांभई द्यायची! ती रडली की सगळं घर धावायचं. माझं पान गळलं की केरसुणी यायची.

त्याहून मोठा अपमान पुढेच होता. दोरीवर जागा पुरेना म्हणून तिचे लंगोट माझ्या फांद्यांवर वाळू लागले. मी, डोंगरातला तरवड! एके काळी माझ्या सालीनं कमावलेल्या चामड्याच्या मोटा विहिरीतून पाणी उपसत, आणि माझ्या अंगावर आता लंगोट! सुनंदाबाई ते धुतलेलं पाणीही माझ्याच बुडाशी फेकायच्या. पाणी मिळत होतं, पण हात परका होता.

अशा वेळी मी एकाच गोष्टीनं मनाचं समाधान करायचो. विशूकडे आई होती, आजी होती, बाप होता, खुळखुळा होता, चांदीचे वाळे होते. पण द्रौपदाबाईचा हात तिला मिळाला नव्हता. तो मला मिळाला होता. ते वाकडं नख मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती कितीही रडो, तो हात तिला कुणी आणून देणार नव्हतं. हा विचार करून मला बरं वाटायचं. आज तो आठवला, की माझी पानं भर उन्हातही मिटावीशी वाटतात.

विशू चालायला लागली. मला वाटलं, आता तरी पोर माझ्याकडे येईल. मत्सर असा असतो पाहा. जिचा राग, तिनंच आपल्याकडे बघावं असंही वाटतं. पण ती दुडूदुडू माझ्यासमोरून गेली ती थेट शेजारच्या भिंतीकडे. शेजारी प्रेमकुंवर राहतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यांच्या भिंतीवर बोगनवेल आहे. काय तिचा तोरा! बारा महिने गुलाबी. लग्नाच्या वराती थांबवून लोक तिच्यासमोर फोटो काढतात. खरं म्हणजे तो गुलाबी भाग फूल नाहीच, रंगीत पानं आहेत. फूल आतलं, पांढरं, तांदळाएवढं. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

विशू ओंजळ भरून ती गुलाबी पानं आणायची आणि माझ्यासमोरच्या पायरीवर मांडायची. मुद्दाम माझ्यासमोर. मला तरी तसंच वाटायचं.

"आवडलं ना बेटा?" प्रेमकुंवर भिंतीवरून म्हणायच्या. "संघमित्रा, माझ्या वेलीची एक डहाळी देते तुला. हे वाळकं काढ नि ती लाव. बघ कशी शोभा येते घराला."

"बघू, भाभी," संघमित्रा म्हणायची. नाही म्हणायची नाही. फक्त बघू.

विशू मोठी झाली, लंगोट गेले आणि त्यांच्याबरोबर ते पाणीही गेलं. गेल्या उन्हाळ्यात तर दोन महिने माझ्या मुळाशी थेंब पडला नाही. संघमित्रा पुन्हा शाळेत जाऊ लागली होती. घरी येईतो तिचा जीव मेटाकुटीला यायचा आणि मग विशू तिच्या पायांना मिठी मारायची. मी पानं टाकली. एका बाजूनं तर पार काटकी झालो.

मग राजदीपनं स्कूटर घेतली.

"ही ठेवायची कुठे?" त्यानं अंगणाला फेरी मारून विचारलं. "त्या कोपऱ्यात फरशी टाकून घेऊ. ते झुडूप तसंही मेलंय."

संघमित्रा दारात उभी होती. "मायनं दिलेला तरवड आहे तो."

"तरवड शे कशावरून?" सुनंदाबाई म्हणाल्या. "सहा ते ग्यात. हाऊ सातवा टाकीमांगे आपोआप उगेल व्हई. तरवड ऱ्हाता ते इतला वरीसमा एक तरी फूल येतं."

 ही शंका संघमित्राच्याही मनात कधीची घर करून होती. त्या पावसाळ्यात कोपऱ्यात काय काय उगवलं होतं! मायचं बी कोणतं आणि वाऱ्यावरचं कोणतं, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हती. तिनं फोन काढला, माझ्या उरल्यासुरल्या पानांचा फोटो घेतला आणि झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला. फोननं तीन नावं सांगितली.

"तीन सांगतो म्हणजे त्यालाही माहीत नाही," राजदीप हसला. मग तिचा चेहरा पाहून हळू आवाजात म्हणाला, "तू सांग. ठेवायचं म्हणालीस तर ठेवू."

मित्रांनो, मी श्वास रोखून उभा होतो. तुम्ही म्हणाल, झाडाला श्वास रोखता येतो का? त्या दिवशी मला आला.

"मायचा असता तर..." ती म्हणाली आणि थांबली. मग मान वळवली. "काढा. रविवारी गवंडी येईल तेव्हा काढून टाका."

माणसं जसं म्हणतात ना, काळजात चर्र झालं, तसंच झालं. तिनं मला काढायला सांगितलं याचं दुःख नव्हतं. मी तिच्या मायचा नाही, असं तिला वाटलं, याचं दुःख होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी, विशूचे कान टोचायचे होते. तान्हेपणी ती सारखी आजारी पडायची म्हणून राहून गेलं होतं, आता शाळा सुरू व्हायच्या आत उरकून घेऊ असं ठरलं. शालिग्राम नाना सोनार आपली पेटी घेऊन सकाळीच अंगणात येऊन बसले. प्रेमकुंवर बर्फी घेऊन आल्या. सगळे विशूभोवती. नवा परकर-पोलका, केसांत गजरा. उद्या मी जाणार होतो आणि आज कौतुक चाललं होतं तिच्या कानांचं!

नानांनी पेटीतून सोन्याच्या दोन बारीक तारा काढल्या.

"तुझ्या आजीच्या कानातल्याचं सोनं आहे हे, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या आईनं जपून ठेवलं होतं. आटवून तुझ्या कानांसाठी ही सुंकली केली."

हे ऐकलं आणि माझ्याजवळ होतं नव्हतं तेही गेलं. माझं एकमेव धन! आता द्रौपदाबाईही तिचीच झाली. तिच्या कानात राहणार, तिच्याबरोबर मोठी होणार. आणि मी उद्या घंटागाडीत.

पहिला कान टोचला आणि विशूनं जी किंकाळी फोडली, ती पार नदीपलीकडे गेली असेल.

"झालं झालं! मुंगी चावली, मुंगी!" नाना म्हणाले.

"मुंगी नाही! तुम्ही चावले!" विशू ओरडली. बापाच्या मांडीवरून निसटली आणि वाट फुटेल तिकडे पळाली. बोगनवेलीकडे नाही. तिथे प्रेमकुंवर उभ्या होत्या. ती माझ्या आणि टाकीच्या मधल्या फटीत घुसली आणि माझ्या बुंध्याला गच्च मिठी मारून बसली.

इतक्या वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती.

तिचं नाक वाहत होतं. गाल माझ्या सालीवर टेकला होता. तिच्या कानाच्या पाळीवरचा रक्ताचा थेंब मला दिसत होता. ती हुंदके देत माझ्या फांद्या बघू लागली आणि मधेच थांबली. जिथे पानाचं देठ फांदीला मिळतं, तिथे मला दोन गोल, जराशी मुडपलेली छोटी पानं असतात. इतर पानांसारखी नाहीत ती. तुम्हीही जवळ जाऊन बघा, प्रत्येक देठाच्या बुडाशी दिसतील. टाकळ्याला अशी नसतात.

विशूनं त्यातलं एक चिमटीत धरलं. मग आपला टोचलेला कान चाचपला.

"आई," ती फटीतूनच म्हणाली, "याला पण कान आहेत."

संघमित्रा वाटीत हळद-तेल घेऊन तिला शोधत आली होती. ती जागीच उभी राहिली.

"काय म्हणालीस?"

"कान. खूप कान आहेत." आणि विशूनं दोन्ही हातांनी माझी फांदी झाकली. "नानांना सांगू नको. याचे नाही टोचायचे."

वाटी कधी खाली ठेवली, हे संघमित्रालाही कळलं नसेल. ती गुडघ्यांवर बसली. तिनं दोन बोटांत एक कान धरला, मग वरचा, मग त्याच्या वरचा. एका डहाळीवरच्या पानांच्या जोड्या मोजल्या. दहा.

"तरवडले कान ऱ्हातस," ती स्वतःशीच म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून मायची भाषा आली. "बठ्ठं आयकस..."  तिनं पोरीसकट मला मिठीत घेतलं.

अंगणातले सगळे जमले. सुनंदाबाई सर्वांत मागे होत्या. त्यांनी पदर सारखा केला, खाकरल्या, आणि एकदाचं बोलून टाकलं.

"त्या सहा गोगलगायीसनी नही खादात, बेटी. मी खुडेल व्हतात. टाकळा समजीसन." त्या जमिनीकडे बघत होत्या. "भाजी कडू लागनी तवयच मले समजनं. पन तुनी माय वारनी, मंग सांगाले तोंड नही ऱ्हायनं. हाऊ रांगमाच व्हता. सातवा. तुना मायनाच शे."

 मग राजदीप म्हणाला, "म्हणजे मी तरवडाची भाजी खाल्ली? नि तू मला दोनदा वाढलीस?"

संघमित्रा रडता रडता हसायला लागली आणि सुनंदाबाईंनी पदरानं तोंड झाकलं. नानांनी त्या गोंधळाचा फायदा घेऊन विशूला बर्फीचा तुकडा दिला आणि दुसरा कान टोचून टाकला.

रविवारी गवंडी आला. त्यानं फरशी टाकली, पण माझ्याभोवती हातभर माती सोडून. स्कूटर आता तिरकी उभी राहते आणि राजदीप रोज सकाळी ती काढताना कुरकुरतो. कुरकुरू दे.

संघमित्रा बादली घेऊन आली होती. माझ्या मुळांना पाण्याचा वास आला. पण ती थांबली, काहीतरी आठवल्यासारखं हसली आणि ती बादली तिनं शेजारच्या बोगनवेलीला घातली. तिला मायचं दुसरं बोलणंही आठवलं होतं. दसरा आला तसा माझ्या शेंड्यांवर कळ्यांचे घोस धरले, आणि मग एका सकाळी मी फुललो. पाच पाकळ्यांची, कडा चुरगळलेली, हळदीसारखी पिवळी फुलं. काळे भुंगे आले, पिवळी फुलपाखरं आली. प्रेमकुंवर भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर सोनं फुललं! याचं बी देशील ना मला?" बोगनवेल काही बोलली नाही.

तेव्हा कुठे मला उमगलं. विशू आली म्हणून माझ्याकडे दुर्लक्ष झालं, लंगोट सुटले म्हणून पाणी तुटलं, आणि त्या कोरड्या उन्हाळ्यानं मला माझं डोंगरातलं वागणं आठवून दिलं. जिच्यावर मी इतकी वर्षं जळलो, तिच्यामुळे मी फुललो, आणि तिच्यामुळेच वाचलो.

मित्रांनो, तुमच्या घराशी, शाळेच्या कुंपणाशी, साक्री-शिरपूरच्या रस्त्याला माझे भाऊबंद अजून असतील. त्यांना उपटण्याआधी एकदा जवळ जाऊन त्यांचे कान बघा. आमचं बी पेरलंत तर कोमट पाण्यात भिजवा, उन्हात लावा, आणि पहिलं वर्ष सरलं की पाण्याचा हात आखडता घ्या. पण सोबतीचा आखडू नका. पाण्यावाचून आम्ही दोन महिने काढतो. कुणी जवळ बसावं, असं मात्र आम्हालाही वाटतं.

माझं सांगून संपत आलं होतं. पण काल दुपारी एक गोष्ट घडली, ती सांगायची राहिली.

घर निजलं होतं. विशू एकटीच बाहेर आली. कानात आजीची सुंकली चमकत होती. माझ्याजवळ येऊन तिनं माझा एक कान दोन बोटांत धरला, तोंड अगदी जवळ आणलं आणि कुजबुजली,

"आई म्हणते, तू आजीच्या हातावर बसून आलास. मी आजीला पाहिलंच नाही. आईला विचारलं तर ती रडते."

माझ्या सगळ्या मुळांतून ते एकदम वर आलं. त्या भेगा, ते वाकडं नख, मिसरीचा नि लसणाचा वास, मला गोंजारणारा तो अंगठा. तिच्या जन्मापासून जे मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, ते सगळंच्या सगळं मला तिच्या ओंजळीत ओतायचं होतं. पण मित्रांनो, मला कान आहेत. तोंड नाही.

विशूनं मान कलती केली, आपला टोचलेला कान माझ्या पानाला लावला आणि विचारलं,

"सांग ना. आजीचा हात कसा होता?"